डेटाबेसच्या कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष बदलायला आले की कारखाने, पतसंस्था, वितरक, रुग्णालये अशा सगळ्यांकडे नवे सॉफ्टवेअर बसवायची घाई सुरू होते. 1 एप्रिलपासून नव्या सिस्टीमवर जायचे, असे वरून ठरलेले असते. तीन कोटेशने येतात, बेरजा शेजारी शेजारी मांडल्या जातात आणि सर्वांत कमी बेरजेवर सही होते. ज्या डेटाबेसमध्ये पुढची दहा वर्षे सगळा व्यवहार साठणार, त्याची ओळ मात्र शेवटच्या पानावर 'डेटाबेस फ्री' किंवा 'लायसन्स एक्स्ट्रा' एवढ्यात उरकलेली असते. काहीजण 'फ्री' वाचून खूश होतात, तर काही 'ओरॅकल कंपनीचा आहे म्हणजे दणकट असणार' म्हणून कित्येक पट पैसे मोजतात. आपल्याकडे एका वेळी किती माणसे काम करणार, वर्षाला किती डेटा वाढणार आणि बिघाड झाला तर किती तासांच्या नोंदी गेलेल्या चालतील, हे दोघांनीही विचारलेले नसते. (टॅलीची साठवण त्याची स्वतःचीच असते, तिथे ही निवड करावी लागत नाही. हे पत्र ईआरपी (खरेदी, साठा, विक्री, हिशोब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर), पतसंस्थांचे बँकिंग, रुग्णालय आणि खास बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरबद्दल आहे.)

आधी 'फ्री'चा हिशोब. विंडोजवर चालणाऱ्या पुष्कळ पॅकेजांखाली मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस असतो. तो खरोखरच फुकट आणि कायदेशीर आहे. पण 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला 10,240 एमबीची मर्यादा आहे. ती गाठली की प्रोग्राम बंद पडत नाही, जुनी बिले दिसतात, रिपोर्टही निघतात. फक्त नवी नोंद सेव्ह होत नाही आणि पडद्यावर 'प्रायमरी फाइलग्रुप भरला आहे' अशा अर्थाचा 1105 क्रमांकाचा एरर येतो. ऑपरेटर हार्ड डिस्क बघतो, तिच्यात 400 जीबी मोकळी असते, आणि मग दिवसभर व्हायरसचा शोध चालतो.

ही मर्यादा साध्या नोंदींनी सहसा गाठली जात नाही. बिलातली एक ओळ, तिच्या इंडेक्ससकट (ती लवकर शोधता यावी म्हणून ठेवलेल्या सूचीसकट), साधारण 1 केबी धरा. दिवसाला 1,000 ओळी म्हणजे 1 एमबी, वर्षाच्या 300 कामाच्या दिवसांचे 300 एमबी. या वेगाने 10 जीबीला तीस वर्षांहून जास्त लागतील. आता त्याच डेटाबेसमध्ये प्रत्येक चलनाचा स्कॅन ठेवायचे ठरवा. 300 केबीची एक पीडीएफ, रोज 100, म्हणजे दिवसाला 30 एमबी आणि वर्षाला 9 जीबी. तीस वर्षे पुरणारी जागा वर्षभरात जवळजवळ संपली. यावर त्याच डेटाबेसची 'स्टँडर्ड' ही पैसे लागणारी आवृत्ती विकत घेणे हा महागडा इलाज आहे. स्कॅन सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहिणे, एवढ्याने काम भागते. मात्र मग ते फोल्डरही बॅकअपमध्ये घ्यावे लागते, आणि हे हमखास विसरले जाते. 2025 च्या आवृत्तीत एक्स्प्रेसची मर्यादा 50 जीबी झाली आहे, पण आपले पॅकेज त्या आवृत्तीवर चालते का, हे व्हेंडरकडून लेखी घ्यावे.

जागेपेक्षा फसवी आहे ती मेमरीची मर्यादा. 2022 चा एक्स्प्रेस डेटा धरून ठेवायला 1,410 एमबी एवढीच मेमरी वापरतो, आणि एक सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसरची एक जागा) किंवा चार कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एकके) यांपैकी जे कमी असेल तेवढाच प्रोसेसर. सिस्टीम मंद झाली म्हणून 64 जीबी रॅमचा नवा सर्व्हर घेतला, तर उरलेली रॅम डेटाबेसच्या दृष्टीने पडून राहते. सर्व्हर विकणारा हे सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी काम करणारा एजंटही नसतो. म्हणजे रोजचा बॅकअप आपोआप व्हावा असे वाटत असेल, तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये बॅकअपची कमांड बसवावी लागते. ती ज्या युजरच्या नावाने बसवली त्याचा पासवर्ड बदलला, की काम गुपचूप बंद पडते. फोल्डरमध्ये शेवटची फाइल तीन महिन्यांपूर्वीची आहे, हे डिस्क गेल्यावर कळते. शेड्युलरच्या खिडकीतल्या 'लास्ट रन रिझल्ट'च्या रकान्यात 0x0 सोडून काही दिसले, तर त्याच दिवशी विचारपूस व्हायला हवी. अर्थात 0x0 चा अर्थ कमांड संपली एवढाच असतो. फाइलची तारीख आणि आकार वेगळे पाहावे लागतात.

आता विकतचा भाग. एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड दोन पद्धतींनी मिळतो. 2022 आवृत्तीच्या जाहीर डॉलर दरसूचीत दोन कोअरचा पॅक 3,945 डॉलर आहे आणि कमीत कमी चार कोअर घ्यावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हरचे 989 डॉलर आणि दर माणसामागे किंवा यंत्रामागे एका 'कॅल'चे (डेटाबेस वापरायच्या परवान्याचे) 230 डॉलर. भारतातला दर विक्रेता, करार आणि डॉलरच्या भावाप्रमाणे बदलतो आणि वर जीएसटी लागतो, पण प्रमाण समजायला हे आकडे पुरेसे आहेत. चार कोअरला 7,890 डॉलर पडतात. 30 माणसांच्या कॅलसकट सर्व्हरचे होतात 7,889. म्हणजे चार कोअरच्या मशीनवर तिसाच्या आत माणसे असतील तर कॅल स्वस्त, वर असतील तर कोअर स्वस्त. मशीन 16 कोअरचे घेतले तर कोअर पद्धतीत 31,560 डॉलर मोजावे लागतात आणि कॅलचा फायदा 130 च्या वर माणसे जाईपर्यंत टिकतो. हार्डवेअरवाल्याने 'थोड्याच फरकात' सुचवलेला मोठा प्रोसेसर डेटाबेसचे लायसन्स चौपट करू शकतो, तो असा. म्हणून लायसन्सची पद्धत आधी ठरवावी आणि मग प्रोसेसर निवडावा.

कॅलमध्ये दोन गोष्टी जपाव्या लागतात. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात एका कॉम्प्युटरवर तीन माणसे बसत असतील, तर माणसामागे नव्हे, यंत्रामागे कॅल घ्यावे. खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. दुसरी गोष्ट पुष्कळ प्रोग्रामरनाही ठाऊक नसते. सगळे युजर वेब अॅप्लिकेशनमधून येतात आणि अॅप्लिकेशन डेटाबेसला एकाच लॉगिनने जोडलेले आहे, म्हणून एकच कॅल पुरेल, हा समज चुकीचा आहे. मधे काहीही असले तरी शेवटी डेटाबेस वापरणारी माणसे किंवा यंत्रे मोजली जातात, त्यात गोदामातले बारकोड स्कॅनरही आले. ग्राहकांसाठी पोर्टल उघडायचे असेल तर डोकी मोजणेच अशक्य होते आणि कोअरशिवाय मार्ग उरत नाही.

एंटरप्राइझ आवृत्तीचा दोन कोअरचा पॅक 15,123 डॉलर, म्हणजे स्टँडर्डच्या जवळजवळ चौपट. मोठ्या टेबलांचे पार्टिशनिंग (तुकड्यांत विभागणी) हवे म्हणून ती घ्या, असा सल्ला अजूनही कानावर येतो. तो जुना आहे. पार्टिशनिंग, कॉलमस्टोअर (रकान्यानुसार साठवण) आणि डेटाबेस पातळीवरचे ऑडिट (कोणी काय बदलले याची नोंद) हे 2016 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून खालच्या आवृत्त्यांतही आले. संपूर्ण डेटाबेस एन्क्रिप्ट करायची सोय 2019 पासून स्टँडर्डमध्ये आहे, एक्स्प्रेसमध्ये नाही. एंटरप्राइझचे खरे वेगळेपण काम चालू असताना इंडेक्स नव्याने बांधणे, बिघाड झाल्यास अनेक डेटाबेस एकत्र दुसऱ्या सर्व्हरवर सरकणे आणि फार मोठी मेमरी वापरणे यांत आहे. रात्री दहा ते सकाळी सात बंद असणाऱ्या संस्थेला यातल्या किती गोष्टी लागतात, हे व्यवस्थापकाने स्वतःच पाहावे.

ओरॅकलच्या दरसूचीतला एंटरप्राइझचा आकडा प्रोसेसरमागे 47,500 डॉलर आहे. इंटेल आणि एएमडीच्या दोन कोअरचा मिळून एक प्रोसेसर धरतात. त्या हिशोबाने 16 कोअरला आठ लायसन्स, 3,80,000 डॉलर, आणि दरवर्षी 22 टक्के सपोर्ट म्हणजे 83,600 डॉलर. त्यावर जादा सोयींचे पर्याय वेगळे: पार्टिशनिंग, डायग्नोस्टिक्स, ट्यूनिंग, प्रत्येकाचे वेगळे पैसे. घोळ असा की हे पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आधीच बसवलेले असतात. कोणी सिस्टीम मंद का चालते हे पाहायला एडब्ल्यूआर रिपोर्ट काढला, तर डायग्नोस्टिक्स पॅक वापरल्याची नोंद राहते आणि लायसन्स तपासणीत ती पुढे येते. पॅक विकत घेतला नसेल तर त्याचा परवानगी देणारा पॅरामीटर (सेटिंग) पहिल्याच दिवशी बंद करावा. व्हीएमवेअरवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चार कोअरचे छोटे मशीन करून त्यात ओरॅकल बसवले तरी कंपनीच्या धोरणात ते चार कोअर मोजले जात नाहीत, खालचा सर्व्हर मोजला जातो. स्टँडर्ड एडिशन 2 मात्र सॉकेटमागे 17,500 डॉलरला मिळते, दोन सॉकेटच्या सर्व्हरपर्यंत चालते आणि एकावेळी 16 थ्रेड (समांतर चालणारी कामे) वापरते. ओरॅकलच हवे असेल, म्हणजे पॅकेज दुसऱ्या कशावर चालतच नसेल, तर मध्यम संस्थेने आधी याचीच चौकशी करावी. ओरॅकल वाईट आहे असे अजिबात नाही. दिवसरात्र चालणाऱ्या, सेकंदाला हजारो व्यवहार होणाऱ्या बँकेला ते पैसे परवडतात. तालुक्यातल्या पाच शाखांच्या पतसंस्थेला ते लागत नाही, एवढेच.

पोस्टग्रेस हा ओपन सोर्स, म्हणजे सोर्स कोड सर्वांना खुला असलेला, डेटाबेस माझ्या मते अशा बहुतेक ठिकाणी पहिला विचारात घ्यावा. लायसन्सचा एक पैसाही नाही, कोअर, मेमरी, युजर कशालाच मोजमाप नाही, आणि एक टेबल 32 टीबीपर्यंत जाऊ शकते. पण 'फुकट आहे' म्हणून बसवून विसरून जाणाऱ्यांना तो त्रास देतो. बसवल्यावर तो फक्त 128 एमबी मेमरी आपल्या कॅशसाठी (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायला) धरतो. हा आकडा रॅमच्या साधारण चौथ्या हिश्शापर्यंत वाढवला नाही तर चांगला सर्व्हरही मरगळल्यासारखा चालतो. डिस्क एसएसडी असेल तर यादृच्छिक वाचनाचा खर्च दाखवणारा पॅरामीटर मुळातल्या 4 वरून 1.1 च्या आसपास आणावा, नाहीतर तो इंडेक्स सोडून उगाच पूर्ण टेबल वाचत बसतो. प्रत्येक जोडणीला पोस्टग्रेस स्वतंत्र प्रोसेस उघडतो आणि मुळात 100 जोडण्यांची मर्यादा असते. ती नुसती 1,000 करण्याऐवजी मधे पीजीबाउन्सर (मोजक्या जोडण्या सर्वांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवणे बरे.

आणि व्हॅक्यूम, म्हणजे जुन्या प्रतींची साफसफाई. पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी प्रत लगेच पुसली जात नाही, ती नंतर ऑटोव्हॅक्यूम गोळा करतो. खराब लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एखाद्याने नोंद बदलायची स्क्रीन उघडली की ट्रान्झॅक्शन (पूर्ण एकत्र पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा संच) सुरू होते आणि सेव्ह करेपर्यंत उघडे राहते. तो माणूस तसाच जेवायला गेला, तर त्यानंतर साऱ्या डेटाबेसमध्ये तयार होणाऱ्या जुन्या प्रती तो परत येईपर्यंत हलत नाहीत. रोज असे झाले की टेबल फुगते, स्टॉक रिपोर्टला दोन सेकंदांऐवजी चाळीस लागतात, आणि कोणीतरी सुचवतो की ऑटोव्हॅक्यूममुळेच मंद होते, तो बंद करा. तो कधीही बंद करू नये. ट्रान्झॅक्शन उघडे टाकणाऱ्या जोडण्या ठरावीक वेळाने तोडण्याची सेटिंग आहे, ती लावावी आणि प्रोग्राम दुरुस्त करून घ्यावा. लायसन्सचे वाचलेले पैसे अशी कामे जाणणाऱ्या माणसाच्या वार्षिक करारात घालावे लागतात. तो माणूस मिळत नसेल आणि गावात एसक्यूएल सर्व्हर येणारे चारजण असतील, तर एसक्यूएल सर्व्हरच स्वस्त पडेल.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी हे डेटाबेसही फुकट आहेत, आणि निवड करताना एक कायदेशीर बाब ध्यानात घ्यावी. कंपनी कायद्याखालील नियमांनुसार 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी एडिट लॉगची सोय लागते. भागीदारी फर्म आणि सहकारी संस्था या नियमाखाली येत नाहीत. स्क्रीनवरून केलेला बदल पॅकेज टिपते. पण कोणी थेट डेटाबेसमध्ये क्वेरी (डेटाबेसला दिलेला आदेश) चालवून रक्कम बदलली तर? ते टिपायला डेटाबेसचेच ऑडिट हवे, आणि ऑडिटर आता हे विचारतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते आहे. पोस्टग्रेसला पीजीऑडिट हे मोफत एक्स्टेन्शन जोडता येते, मारियाडीबीसोबत ऑडिटचे प्लगइन मिळते. मायएसक्यूएलच्या मोफत आवृत्तीत कंपनीचे ऑडिट प्लगइन नाही, ते पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत आहे. त्याच नियमांत 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे आले. क्लाउड घेताना मुंबई किंवा पुण्याचे केंद्र निवडले की हे सुटते, पण बॅकअपची दुसरी प्रत कुठे जाते तेही पाहावे.

बॅकअपबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. रात्री 11 वाजता पूर्ण बॅकअप होतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला डिस्क जाते, तेव्हा त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी जातात. पतसंस्थेत याचा अर्थ असा की पिग्मीचे पैसे ग्राहकाच्या पासबुकात आहेत आणि संगणकात नाहीत. हे टाळायला दर पंधरा मिनिटांनी लॉगचा (डेटाबेस ठेवत असलेल्या बदलांच्या क्रमवार नोंदीचा) बॅकअप दुसऱ्या मशीनवर न्यावा. एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डमध्ये नवा डेटाबेस 'फुल' रिकव्हरीवर (बॅकअप होईपर्यंत लॉग जपणाऱ्या सेटिंगवर) तयार होतो. त्यात लॉगचा बॅकअप लावला नाही, तर लॉगची फाइल वाढत वाढत पूर्ण डिस्क खाते, आणि मग कोणीतरी घाईने 'सिंपल'वर (लॉग न जपणाऱ्या सेटिंगवर) टाकून प्रश्न मिटवतो. त्या क्षणी पंधरा मिनिटांचे संरक्षण संपलेले असते. पोस्टग्रेसमध्ये हेच काम वॉल आर्काइव्हने (त्याच्या लॉगच्या फाइली साठवून) होते, नुसत्या पीजीडंपने (एका क्षणाची प्रत काढून) होत नाही. दुसऱ्या सर्व्हरवर प्रतिकृती चालू आहे म्हणून बॅकअप नको, हेही खरे नाही. चुकून चाललेला डिलीट काही क्षणांत प्रतिकृतीवरही चालतो.

मराठी डेटा हा विषय कोटेशनमध्ये कधीच नसतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना एनव्हारचार (कोणत्याही लिपीचा मजकूर साठवणाऱ्या प्रकारचा) नसेल, किंवा क्वेरीत मजकुराआधी एन हे अक्षर लावले नसेल, तर खातेदाराचे नाव नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रश्नचिन्हांच्या रूपात साठते, आणि ते परत मिळत नाही. मायएसक्यूएलचा जुना तीन बाइटचा यूटीएफ8 (अक्षरे साठवण्याची पद्धत) देवनागरीला पुरतो, पण इमोजी आले की एरर देतो, म्हणून यूटीएफ8एमबी4 घ्यावा. 'गोऱ्हे' किंवा 'कुऱ्हाडे' यांतला ऱ्ह दोन वेगळ्या रीतींनी साठवला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घालतात, काही साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना वेगळे. त्यामुळे एकाच माणसाची दोन खाती होतात. डेटाबेस हे स्वतःहून जुळवेलच असे नाही, नोंद सेव्ह करतानाच एक रूप ठरवणारी चार ओळींची दुरुस्ती प्रोग्राममध्ये लागते. लिनक्सवर पोस्टग्रेस असेल आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलून तोच डेटा नव्या मशीनवर उचलून ठेवला, तर अक्षरक्रम ठरवणारी लायब्ररी बदलल्याने मजकुराचे इंडेक्स चुकू शकतात. असे स्थलांतर झाले की ते इंडेक्स पुन्हा बांधावेत.

एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाण्याचा खर्चही आधीच धरावा. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे शोधताना सारखी धरतात, पोस्टग्रेस तसे करत नाही. काल सापडणारा पार्टी कोड आज सापडत नाही. ओरॅकल रिकाम्या मजकुराला 'काहीच नाही' समजतो, पोस्टग्रेस दोन्हींत फरक करतो, आणि जुन्या अटी गुपचूप चुकीचे निकाल देऊ लागतात. टेबले आणि नोंदी हलवणे हा त्यातला सोपा भाग. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्राम) आणि रिपोर्ट पुन्हा लिहून तपासायला महिने जातात, आणि पॅकेजचा सोर्स व्हेंडरकडे असेल तर ते आपल्या हातातही नसते.

खरेदीआधी करायची चाचणी अवघड नाही. आपल्या आकाराच्या तीन वर्षांच्या नोंदी भरून घ्याव्यात, रोज जितकी माणसे बसतात तितक्यांनी एकाच वेळी नोंदी कराव्यात आणि त्याच वेळी वर्षअखेरचा ताळेबंद किंवा व्याज पोस्टिंग चालवावे. रिकाम्या डेटाबेसवरचा डेमो काहीच सिद्ध करत नाही. मग व्हेंडरला सांगावे, की कालचा बॅकअप या दुसऱ्या कोऱ्या मशीनवर उतरवून दाखवा, आम्ही घड्याळ लावतो.

नगरपरिषदा आणि सहकारी संस्था यांच्या निविदांत अजूनही 'अमुक कंपनीचा डेटाबेस, एंटरप्राइझ आवृत्ती' असे थेट लिहिलेले आढळते. केंद्र सरकारच्या 2015 च्या ओपन सोर्स धोरणात बोलीदाराने ओपन सोर्सचाही विचार करावा आणि तो वगळला तर कारण द्यावे, असे आहे. राज्यांना ते स्वीकारणे ऐच्छिक आहे, पण एखाद्या नगरपरिषदेने ते वाक्य निविदेत घालायला कोणाची आडकाठी नसावी. त्यासोबत आणखी तीन अटी घालाव्यात. डेटाबेसच्या मुख्य युजरचा पासवर्ड सीलबंद लिफाफ्यात संस्थेकडे राहील. करार संपताना सर्व टेबले, त्यांचे वर्णन आणि सीएसव्ही (एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या) फाइली जादा शुल्काशिवाय मिळतील. आणि दर तिमाहीला रिस्टोअरची चाचणी होऊन तिचा लागलेला वेळ संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदला जाईल.

आपला,
डेटाबेस देखभालीचे काम करणारा एक वाचक,
चिंचवड, पुणे